हृदयाचा ताल आणि मनगटावरचा पहारेकरी

वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून अलीकडे एका ठरावीक साच्याची बातमी वरचेवर भेटते. कोणा एकाच्या मनगटावरच्या घड्याळाने अपरात्री इशारा दिला, तो माणूस रुग्णालयात गेला, डॉक्टरांना त्याच्या हृदयाच्या ठोक्यांत बिघाड आढळला आणि त्याचे प्राण वाचले. बातमीत घड्याळाच्या कंपनीचे नाव असते, क्वचित किंमतही असते. तसाच इशारा मिळालेली किती माणसे रुग्णालयात जाऊन, पैसे खर्चून, ‘काही नाही’ असे ऐकून परत आली, हे मात्र तीत कधी नसते. बिघाड असूनही किती जणांचे घड्याळ गप्प राहिले, हेही नसते. वाचलेला माणूस मुलाखत देतो. न वाचलेला देऊ शकत नाही. अशा बातम्या कितीही गोळा केल्या तरी त्यांचा पुरावा होत नाही, हे विज्ञान शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. तरीही याच बातम्या आता वर्गात ‘विज्ञानाची किमया’ म्हणून वाचून दाखवल्या जातात. म्हणून या बातमीची जरा बारकाईने तपासणी करावी असे आम्हाला वाटले. आम्ही वैद्य नाही. संकेत आणि गोंगाट वेगळे करणे हा आमचा संशोधनातला रोजचा उद्योग आहे, आणि मनगटावरचे घड्याळ नेमके तेच करू पाहते.

पहिली अडचण शब्दाची आहे. मराठी वर्तमानपत्रात कोणीही अचानक गेले की ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन’ असे छापून येते. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी तुंबली आणि स्नायूचा काही भाग मरू लागला, तर तो झटका. हृदयाची विद्युत्-व्यवस्था कोलमडली आणि ते रक्त ढकलायचे सोडून नुसतेच थरथरू लागले, तर तोही झटका. ही थरथर थांबवण्यासाठी छातीवर विजेचा जो धक्का देतात, त्यालाही बोलीत झटकाच म्हणतात. रोगही झटका आणि उपायही झटका! पहिला बिघाड नळाचा आहे, दुसरा तारांचा. पहिल्यातून दुसरा उद्भवू शकतो, पण दोन्ही एक नव्हेत. पहिल्यात माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखते, घाम फुटतो. रुग्णालय गाठायला थोडा अवधी मिळतो. दुसऱ्यात तो काही सेकंदांत कोसळतो आणि सारा हिशेब मिनिटांचा होतो. जुन्या बातम्यांत ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहीत. त्यात निदान घटनेचे वर्णन तरी बरोबर होते.

गंमत अशी की, घड्याळ मुख्यतः जो बिघाड ओळखण्यासाठी तयार केले आहे तो या दोहोंपैकी कोणताच नाही. तो तिसराच आहे. वाचकाच्या मनात मात्र ‘झटक्यापासून वाचवणारे घड्याळ’ एवढेच राहते.

हा तिसरा बिघाड समजण्यासाठी हृदयाची विद्युत्-रचना थोडक्यात आठवू या. उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. कीथ आणि फ्लॅक या दोघांनी १९०७ साली तो शोधून काढला. तेथून लयीत विद्युत्-संकेत निघतात, दोन्ही अलिंदांवर पसरतात, मग अलिंद-निलयांच्या सीमेवरच्या दुसऱ्या पुंजक्यात क्षणभर अडतात आणि नंतर निलयांत उतरतात. सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याचा हा विलंब फार महत्त्वाचा, कारण तेवढ्या वेळात अलिंदांतले रक्त निलयांत उतरते. आता समजा, अलिंदांत एकाऐवजी असंख्य ठिकाणांहून संकेत फिरू लागले. मिनिटाला तीनशे ते सहाशे संकेत. अलिंद आकुंचन पावायचे सोडून थरथरत राहतात. सीमेवरचा पुंजका दाराशी बसलेल्या शिपायासारखा यांतले थोडेच आत सोडतो, पण कसलाही क्रम न पाळता. म्हणून नाडी अनियमित लागते, तीही कोणताच नियम न सापडावा अशी. डॉक्टर याला एट्रिअल फिब्रिलेशन म्हणतात; आपण अलिंदकंप म्हणू. यात माणूस लगेच दगावत नाही. काहींना छातीत धडधड होते, जीव घाबरा होतो, जिना चढताना दम लागतो. काहींना काहीच जाणवत नाही. खरा धोका वेगळा आहे. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचते, त्याची गुठळी होते, ती सुटून मेंदूकडे जाते आणि पक्षाघात होतो. अशीच थरथर निलयांत झाली तर मात्र रक्ताभिसरण तत्काळ थांबते.

शाळेत आपण काय शिकवतो? हृदयाचे ठोके मिनिटाला ७२. हा आकडा इतका पक्का बसतो की, नाडी ७२ नसली की मुले घाबरतात. काटोलला नववीच्या एका वर्गात आम्ही मुलांना एकमेकांची नाडी पूर्ण मिनिटभर मोजायला सांगितली. आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा ७० च्या आतले, ९० च्या वरचे, असे सगळे निघाले. मग दुसरा प्रयोग केला: सावकाश खोल श्वास घ्या, सावकाश सोडा, आणि बोट नाडीवरून हलवू नका. श्वास घेताना ठोके जवळ येतात आणि सोडताना लांबतात, हे बहुतेकांना दोन-तीन मिनिटांत कळले. लहान वयात हा फरक चांगलाच जाणवतो आणि तो निरोगीपणाचा भाग आहे. म्हणजे निरोगी हृदय भिंतीवरच्या घड्याळासारखे चालत नाही. अनियमितपणाचेही प्रकार असतात, आणि श्वासाबरोबर डोलणारा अनियमितपणा वेगळा, अलिंदकंपातला बेबंद अनियमितपणा वेगळा. हा फरक बोटांना कळू शकतो. त्यासाठी खर्च शून्य.

मनगटावरचे घड्याळ तेच काम प्रकाशाने करते. त्याच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषते. ठोक्यागणिक मनगटात रक्त वाढते-कमी होते, तसा परतणारा प्रकाशही कमी-जास्त होतो. दोन लाटांमधले अंतर मोजायचे आणि ती अंतरे फारच बेशिस्त निघाली तर इशारा द्यायचा, एवढीच यातली युक्ती. हात हलला, पट्टा सैल झाला, तर लाटेत गोंगाट मिसळतो. म्हणून ही तपासणी हात स्थिर असतानाच करावी लागते. काही घड्याळांत दुसऱ्या हाताचे बोट टेकवून ३० सेकंदांचा विद्युत् हृदयालेखही, म्हणजे ईसीजीही, काढता येतो. पण तो एकाच दिशेचा असतो. दवाखान्यात दहा तारा लावून हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतात. एका खिडकीतून वाड्याचे सगळे दालन दिसत नाही. धमनी तुंबल्याच्या खुणा या एका आलेखात सुटू शकतात. घड्याळाला हार्ट अटॅक ओळखता येत नाही असे ॲपल कंपनी स्वतःच लिहून देते. बातमीत हे वाक्य बहुधा गाळले जाते.

याच कंपनीच्या पैशाने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. ४,१९,२९७ लोकांनी भाग घेतला. त्यांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे शेकडा ०.५२ लोकांना, अनियमित नाडीचा इशारा मिळाला. त्यांना छातीवर चिकटवायची एक पट्टी पाठवून खात्री करायची अशी योजना होती. अभ्यासता येतील अशा पट्ट्या परत आल्या ४५०. त्यांत अलिंदकंप दिसला शेकडा ३४ जणांत. घड्याळाची बाजू मांडायची तर, हा विकार येतो-जातो आणि पट्टी काही दिवसांनी लागली; पट्टी अंगावर असतानाच इशारा आला तेव्हा तो शेकडा ८४ वेळा बरोबर निघाला. हे यंत्र टाकाऊ नाही. पण आम्हाला त्या पाहणीतला दुसरा एक आकडा जास्त बोलका वाटतो. ४० वर्षांच्या आतल्यांपैकी इशारा मिळाला शेकडा ०.१६ लोकांना, आणि ६५ च्या वरच्यांत शेकडा ३.१. घड्याळ एकच, पण मनगट कोणाचे यावर त्याच्या इशाऱ्याचा अर्थ बदलतो.

हे दहावी-बारावीच्या मुलांना आकडेमोडीने सहज दाखवता येईल. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, एवढे आधी सांगावे. समजा, १०,००० तरुण आहेत आणि त्यांत १० जणांना अलिंदकंप आहे. घड्याळ दहातले नऊ रुग्ण ओळखते आणि निरोगी शंभरातल्या एकाला चुकून इशारा देते. मग खरे इशारे ९ आणि खोटे जवळजवळ १००. इशारा मिळालेल्या बारा जणांत एकही धड रुग्ण भरत नाही. आता हेच घड्याळ १०,००० वृद्धांना बांधा आणि त्यांत ५०० रुग्ण आहेत असे धरा. खरे इशारे ४५०, खोटे ९५. दर सहा इशाऱ्यांत पाच खरे. यंत्राची अचूकता तसूभरही बदललेली नाही. संभाव्यतेचा धडा नाणी आणि फाशांवर संपवण्यापेक्षा हे उदाहरण घेतले तर मुलांच्या ते कायमचे लक्षात राहील असे आम्हाला वाटते.

काटोलच्या एका निवृत्त गुरुजींनी आम्हाला विचारले होते, “मुलाने पुण्याहून घड्याळ पाठवलंय. घालू की नको?” वय ७० च्या पुढे, रक्तदाब आहे. आम्ही म्हटले, “घाला गुरुजी, तुमच्या वयाला ते काही सांगू शकेल. पण इशारा आला तर बारा तारांचा ईसीजी कुठे काढायचा, हे आधी ठरवून ठेवा.” यावर ते म्हणाले, “मग नातवालाही दिलंय, त्याचं काय?” नातू अकरावीत. त्याचे घड्याळ वेळ दाखवते तेवढे पुरे आहे.

हृदयाची यंत्रे अंगावर बाळगण्याची कल्पना काही आजची नाही, आणि तिचा इतिहास जाहिरातींपेक्षा पुष्कळ उद्बोधक आहे. १९०५ साली हॉलंडमधल्या लायडेन गावात विल्लेम आइनटोव्हेन यांचे हृदयालेखाचे यंत्र इतके अवजड होते की, ते रुग्णाकडे नेणे अशक्य होते. त्यांनी रुग्णालयापासून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनची तार वापरली आणि रुग्णाऐवजी संकेतच आणला. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस चालता-फिरता हृदयालेख पाठवणारे यंत्र केले; ते पाठीवर घ्यायचे होते आणि वजन सुमारे ३८ किलो. आज ‘होल्टर लावला’ असे आपण म्हणतो ते या गृहस्थांच्या नावावरून. तिसरी हकिगत विदर्भातल्या वाचकाला विशेष जवळची वाटेल. मिनिआपोलिस शहरात डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करीत. त्यानंतर काही मुलांना ठोके चालू ठेवणारे यंत्र लावावे लागे, आणि ते भिंतीतल्या विजेवर चाले. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली आणि एक बालक दगावले. लिलेहाय यांनी रुग्णालयाची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकेन यांना उपाय विचारला. बाकेन यांनी एका मासिकात छापलेली, संगीतात ताल धरण्यासाठी वापरायच्या यंत्राची जोडणी घेतली, तीत फेरफार केले आणि चार आठवड्यांत बॅटरीवर चालणारी, गळ्यात अडकवता येईल एवढी पेटी तयार केली. अंगावर बाळगायचा पहिला पेसमेकर तो हाच. भारनियमन सोसलेल्यांना या गोष्टीचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. येथे आधी गरज होती, मग यंत्र आले. मनगटी घड्याळाच्या बाबतीत हा क्रम बराचसा उलटा दिसतो.

अंगावर घालायच्या यंत्रांत सर्वांत गंभीर काम करणारे यंत्र म्हणजे विजेचा धक्का देणारा अंगरखा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर (येथे नळाचा झटका) ज्यांचे हृदय फार दुबळे झाले आहे, त्यांना पहिल्या काही महिन्यांत निलयकंपाचा धोका असतो. अंगरखा ठोक्यांवर नजर ठेवतो आणि गरज पडल्यास आपणहून धक्का देतो. २०१८ साली याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. २,३०२ रुग्ण होते. ठोक्यांच्या बिघाडाने झालेले मृत्यू अंगरखा दिलेल्यांत शेकडा १.६ आणि न दिलेल्यांत २.४, हा फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणता येईना. यामागचे एक कारण साधे आहे. अंगरखा दिलेल्यांपैकी ४८ जण मरण पावले, आणि मृत्यूच्या वेळी त्यांतल्या फक्त १२ जणांच्या अंगावर तो होता. बाकीच्यांनी काढून ठेवला होता. ही चाचणी पाश्चात्त्य देशांत झाली. काटोलच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, अंगाला घट्ट बसणारा, धातूच्या पट्ट्या असलेला अंगरखा दिवसरात्र कोण घालील? यंत्राची परिणामकारकता सांगताना ते अंगावर किती तास राहिले हे सांगायलाच हवे.

काढून ठेवता येत नाही असे यंत्र म्हणजे त्वचेखाली बसवलेले. मिशेल मिरोव्स्की यांच्या वरिष्ठ सहकाऱ्याचा १९६६ साली ठोक्यांच्या बिघाडाने मृत्यू झाला. धक्का देणारे यंत्र शरीरातच बसवावे असे तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतले. १९८० च्या फेब्रुवारीत ते पहिल्यांदा माणसात बसवले गेले. आज ते डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, काडेपेटीहून थोड्या मोठ्या आकाराचे बसते. ज्यांना धक्का बसला आहे ते ‘घोड्याने छातीत लाथ मारली’ असे वर्णन करतात, आणि पुढचा धक्का केव्हा बसेल या धास्तीनेच कित्येकांची झोप उडते. आपल्याकडे शर्टाचा खिसाही डावीकडेच असतो आणि त्यात मोबाइल असतो. काही नव्या मोबाइलमधल्या चुंबकांनी हे यंत्र तात्पुरते गप्प बसू शकते, असे २०२१ साली दिसून आले. फोन निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवावा असा सल्ला तेव्हापासून दिला जातो. किंमत काही लाखांत जाते. मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात डॉ. यश लोखंडवाला आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी यावर एक वाट काढली. अमेरिकेतल्या रुग्णांच्या शरीरातून काढलेली, बॅटरी शिल्लक असलेली यंत्रे निर्जंतुक करून त्यांनी ऐपत नसलेल्या रुग्णांना बसवली. ८१ रुग्ण आणि १०६ यंत्रे यांचा हा अनुभव २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात जंतुसंसर्गाचा त्रास आढळला नाही. याची बातमी आपण किती ठिकाणी वाचली?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. घड्याळाची सगळी भाषा ज्या अलिंदकंपाभोवती फिरते, तो पाश्चात्त्य देशांत प्रामुख्याने म्हातारपणाचा विकार आहे. ठोके सुधारावेत की नुसता वेग आटोक्यात ठेवावा, यावर अमेरिकेत ४,०६० रुग्णांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ साली आले. तिथल्या रुग्णांचे सरासरी वय जवळजवळ ७० होते. त्याच प्रश्नावर डॉ. अमित व्होरा, डॉ. लोखंडवाला आणि सहकाऱ्यांनी १४४ भारतीय रुग्णांवर केलेली चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. या रुग्णांचे सरासरी वय ४० च्या आत होते. एकच विकार आणि तीस वर्षांचे अंतर! कारण हे की, मुंबईचा अभ्यास संधिवाताच्या ज्वराने झडपा खराब झालेल्या रुग्णांचा होता. पुढे देशातल्या २४ केंद्रांतून १,५३७ रुग्णांची नोंद झाली, तीही डॉ. व्होरा यांच्या पुढाकाराने २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास निम्म्या रुग्णांच्या अलिंदकंपामागे याच खराब झालेल्या झडपा होत्या.

हा रुग्ण जाहिरातीतल्या रुग्णासारखा दिसत नाही. तो पस्तिशीतला मजूर असतो, किंवा संत्र्याच्या तोडणीला जाणारी बाई असते. तिला ‘दम लागतो’, आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. तिच्या झडपेची वाट अरुंद झालेली असते, मागचे अलिंद ताणून मोठे झालेले असते, आणि अलिंदकंप त्यातून आलेला असतो. मनगटावर घड्याळ बांधून तिला जे कळेल ते कानाला स्टेथोस्कोप लावणाऱ्या डॉक्टरला अर्ध्या मिनिटात कळते. तिला पुढे लागते ते रक्त गोठू न देणारे औषध. या औषधांतही नवे ते चांगले असे समजण्याचे कारण नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, साडेचार हजारांवर रुग्णांच्या चाचणीत, झडपेच्या या विकारात नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनच्या जातीची जुनी स्वस्त गोळी सरस ठरली. मात्र जुन्या गोळीला एक अट आहे. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे ठरावीक काळाने तपासून मात्रा बदलावी लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. ही तपासणी गावाजवळ होते का, अहवाल त्याच दिवशी मिळतो का आणि त्या दिवशीची मजुरी बुडते त्याचे काय, या प्रश्नांवर तिचे आयुष्य टांगलेले असते. मनगटावरच्या पहारेकऱ्याकडे त्यांचे उत्तर नाही.

काटोलपासून नागपूर सुमारे ६० किलोमीटर. निलयकंपात धक्का मिळायला जो एकेक मिनिट उशीर होतो, त्यागणिक वाचण्याची शक्यता शेकडा ७ ते १० ने घटते असे मानतात. २०२५ साली अमेरिकेत एका घड्याळाला, नाडी हरपली तर आपणहून रुग्णवाहिकेला फोन करण्यासाठी मान्यता मिळाली. तंत्र म्हणून हे कौतुकास्पद आहे. पण फोन उचलल्यावर जे यायचे ते किती मिनिटांत येणार? राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा आहे, तिचा उपयोग निःसंशय होतो. तरी पहिली पाच-सात मिनिटे शेजारच्या माणसाच्या हातांवरच काढावी लागतात. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहणे हे नववीच्या मुलालाही शिकवता येते. दुसरे असे की, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने मोबाइलला जोडता येणारे, हातात मावणारे बारा बाजूंच्या हृदयालेखाचे यंत्र बनवले आहे. आइनटोव्हेन यांच्या तारेचाच हा नवा अवतार. असे एक यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात असले तर वर्षभरात शेकडो छात्यांना लागेल आणि त्याचा आलेख नागपूरचा तज्ज्ञ पाहील. महागडे घड्याळ एकाच मनगटावर राहते, आणि ते मनगट बहुधा निरोगी असते. सार्वजनिक पैसा किंवा देणगी कुठे घालावी असे कोणी विचारले तर आमचे उत्तर सरळ आहे.

झडपांच्या या विकाराची सुरुवात कुठे होते, हे शिक्षकांनी आवर्जून जाणून घ्यावे, कारण ती शाळेच्या वयात होते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा येतो. बहुतेकांचा आपोआप बरा होतो. थोड्या मुलांत दोन-तीन आठवड्यांनी शरीराची संरक्षण-यंत्रणा जंतू सोडून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरतो तोच घोटा किंवा कोपर सुजते. घरी याला वाढीचे दुखणे म्हणतात, शाळेत खेळताना लागले असेल म्हणतात. सांधे बरे होतात, झडपा होत नाहीत. घसा आल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तर हा ज्वर बहुधा टळतो. एकदा येऊन गेला असेल तर तो पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, वयाच्या विशीपर्यंत, काहींना त्याहूनही पुढे. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत येणारे तपासणी पथक ज्या विकारांसाठी मुले पाहते, त्यांत झडपांचा हा विकार आहे. पण पथक वर्षातून एकदा येते, आणि सुजलेला गुडघा त्याच दिवशी सुजलेला असेल असे नाही. लंगडत आलेले मूल वर्गशिक्षकाला रोज दिसते.

इंजेक्शन दुखते, दोन दिवस पाय जड राहतो, म्हणून मूल आणि आईबाप हळूहळू ते चुकवू लागतात. आधी एखादे, मग तीन-चार सलग. ज्या मुलाला ते सुरू आहे त्याच्या तारखा हजेरीपटाच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिल्या, तर चुकलेली तारीख त्याच आठवड्यात लक्षात येते आणि मुलाला ग्रामीण रुग्णालयात पाठवता येते.